पुण्याहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब?

६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे वाटेतच उतरवावे लागले. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. सगळे सुखरूप राहिले आणि दुसऱ्या विमानाने पुढे गेले. हे विमान उतरले ते रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान या शहरात.

पुढे शाळा सुरू झाल्यावर पुण्यात शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही गेलो होतो. तिथे भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी हा विषय काढला. त्यांच्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलाचे काका कॅलिफोर्नियात असतात. त्याने विचारले होते, "बाई, अमेरिका पश्चिमेला आहे ना? मग विमान रशियात काय करत होतं?" बाईंनी लगेच भिंतीवर जगाचा नकाशा टांगला आणि त्यावर पट्टी ठेवली. त्या म्हणाल्या, "नकाशा बघून उत्तर सापडेल असं वाटलं होतं. पण पट्टी तर आफ्रिकेवरून गेली! आता मुलांना काय सांगू?"

शिबिराला आलेल्या इतर शिक्षकांनाही आम्ही नकाशावर वाट काढायला सांगितली. बहुतेकांनी तीच रेघ काढली : पुण्याहून पश्चिमेला, अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मग अटलांटिक महासागर आणि शेवटी अमेरिका आडवी ओलांडून सॅन फ्रान्सिस्को. शाळेत असताना आम्हीही हीच रेघ काढली असती. ही रेघ चुकीची का, आणि बरोबर वाट कोणती, हे या लेखात पाहू. त्याहीपुढे जाऊन एक विचित्र गोष्ट पाहू : सर्वांत जवळची वाट सापडली तरी ती सर्वांत लवकर पोहोचवणारी असेलच असे नाही.

दोरा घ्या, पट्टी नको

नकाशा बाजूला ठेवून शाळेतला पृथ्वीगोल घ्या. एक साधा दोरा घेऊन त्याचे एक टोक पुण्यावर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरा. आता दोरा ताणा. ताणताना तो आपोआप घसरून सर्वांत आखूड जागी जाऊन बसतो. तो कुठून जातो ते पाहा.

पहिल्यांदा हा प्रयोग करणाऱ्याला धक्काच बसतो. दोरा पश्चिमेकडे वळत नाही. पुण्याहून तो जवळजवळ उत्तरेकडे, किंचित पूर्वेला झुकून निघतो. तो दिल्लीवरून, लडाखवरून, तक्लामकान वाळवंटावरून आणि अल्ताई पर्वतावरून जातो. मग पूर्ण सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुव महासागरात शिरतो. तिथे तो ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर पोहोचतो. मग अलास्काच्या उत्तर टोकाजवळून खाली उतरत, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेने सॅन फ्रान्सिस्कोला येतो. म्हणजे विमान रशियात कसे, हा आठवीतल्या मुलाचा प्रश्न निम्मा सुटला. या प्रवासात रशिया वाटेतच लागतो.

असे का होते? एक सोपे उदाहरण घेऊ. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर, पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूंना दोन गावे आहेत अशी कल्पना करा. अक्षवृत्त धरून सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला गेलो तर हे अंतर सुमारे १०,००० कि.मी. होते. पण ध्रुवावरून पलीकडे उतरलो तर ३० अंश वर आणि ३० अंश खाली, म्हणजे एकूण ६० अंश जावे लागते. पृथ्वीवरचा एक अंश सुमारे १११ कि.मी. असतो. तेव्हा हे अंतर जेमतेम ६,७०० कि.मी. भरते. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे पूर्व-पश्चिमेचे मोठे अंतर तिथे थोडक्यात तोडता येते. पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत सुमारे १६४ अंशांचा फरक आहे. ती जवळजवळ समोरासमोरची गावे झाली. म्हणूनच दोरा ध्रुवाच्या बाजूला ओढला जातो.

दोऱ्याने दाखवलेल्या या वाटेला भूगोलात बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीचे केंद्र आणि ती दोन गावे यांतून जाणाऱ्या सुरीने पृथ्वी कापली, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल त्याचा हा तुकडा.

मग नकाशा खोटा आहे का? खोटा नाही, पण तो दुसऱ्याच कामासाठी काढलेला आहे. मर्केटरने १५६९ साली आपला प्रसिद्ध नकाशा काढला तो खलाशांसाठी. त्या नकाशावर सरळ रेघ मारली की होकायंत्राची दिशा प्रवासभर एकच राहते. जहाज हाकायला ही मोठीच सोय होती. पण त्यासाठी नकाशा ध्रुवाकडे ताणावा लागतो. ६० अंश अक्षांशावर अंतरे दुप्पट दिसतात, ७५ अंशांवर जवळजवळ चौपट. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठे दिसते. प्रत्यक्षात ते भारताच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. इतर पद्धतींनी काढलेल्या सपाट नकाशांतही कुठे ना कुठे अशी ओढाताण करावीच लागते. संत्र्याची साल न फाडता सपाट करता येत नाही, तसेच हे आहे.

अंतर मोजू या

दोऱ्यावरून अंतर काढणे सोपे आहे. शाळेतला पृथ्वीगोल ३० से.मी. व्यासाचा असेल तर त्याचा परीघ सुमारे ९४.२ से.मी. होतो. खऱ्या पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० कि.मी. आहे. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ कि.मी. आपला दोरा जवळजवळ ३२ से.मी. भरेल. ४२५ गुणिले ३२ म्हणजे १३,६०० कि.मी.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हेच गणिताने करता येईल. दोन गावे पृथ्वीच्या केंद्राशी जो कोन करतात त्याला 'क' म्हणू. सूत्र असे आहे :

कोसाइन क = (साइन अ१ × साइन अ२) + (कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन र)

इथे अ१ आणि अ२ हे दोन गावांचे अक्षांश आणि र हा रेखांशांतला फरक. पुण्याचा विमानतळ १८.५८ अंश उत्तर, ७३.९२ अंश पूर्व येथे आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६२ अंश उत्तर, १२२.३८ अंश पश्चिम येथे. एक पूर्व आणि एक पश्चिम म्हणून रेखांशांची बेरीज करायची : १९६.३० अंश. ती १८० पेक्षा जास्त आहे, म्हणून ३६० मधून वजा केली की १६३.७० अंश मिळतात. आता किमती घाला :

कोसाइन क = (०.३१८६ × ०.६१०४) + (०.९४७९ × ०.७९२१ × −०.९५९८) = ०.१९४५ − ०.७२०६ = −०.५२६१

यावरून क = १२१.७४ अंश. त्याला १११.२ ने गुणले की सुमारे १३,५४० कि.मी. मिळतात. दोऱ्याने काढलेले उत्तर यापासून फार लांब नव्हते. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे या गणितात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. आपल्या कामाला एवढी अचूकता पुरेशी आहे.

आता भिंतीवरच्या नकाशावर शिबिरात काढलेल्या त्या रेघेची लांबी पाहा. मर्केटरच्या नकाशावरची ती सरळ रेघ प्रत्यक्ष पृथ्वीवर सुमारे १९,२०० कि.मी. भरते. म्हणजे आखूड वाटेपेक्षा ५,६०० कि.मी. हून अधिक! एवढे जास्तीचे अंतर म्हणजे विमानाचे सहा तास.

याच गणितातून पुणेकरांच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. पुण्याहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही, कुठेतरी विमान बदलावेच लागते. दिल्लीला जाऊन बदलायचे म्हटले की अनेकांना तो उलटा हेलपाटा वाटतो. पण पुणे ते दिल्ली सुमारे १,१६० कि.मी. आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,३८० कि.मी., बेरीज १३,५४० कि.मी. म्हणजे थेट अंतराइतकीच. दिल्ली दोऱ्यावरच आहे! उलट लंडनमार्गे गेलो तर पुणे ते लंडन ७,३३० आणि तिथून पुढे सुमारे ८,६०० मिळून जवळजवळ १६,००० कि.मी. होतात. नकाशावर मात्र लंडन 'वाटेत' आणि दिल्ली 'आडवाटेला' दिसते.

विमाने दोरा सोडून का जातात?

आता आठवीतल्या मुलाचा उरलेला निम्मा प्रश्न. मगदान रशियात आहे हे खरे, पण ते दोऱ्यावर नाही. त्याचा अक्षांश साडेएकोणसाठ अंश आहे आणि त्याच रेखावृत्तावर दोरा त्याच्या सुमारे १,८०० कि.मी. उत्तरेला असतो. विमाने आखूड वाट सोडून इतक्या लांबून का जातात?

याचे सर्वांत बोलके उत्तर ऑक्टोबर २०१६ मध्ये मिळाले. त्याआधी दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान पश्चिमेकडे, युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० कि.मी. ची होती. त्या महिन्यात एअर इंडियाने वाट बदलली आणि विमान पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट १५,३०० कि.मी. ची, म्हणजे १,४०० कि.मी. नी लांब. पण विमान साडेचौदा तासांत पोहोचले. पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर!

अंतर वाढले आणि वेळ घटला. १५,३०० ला साडेचौदाने भागले तर ताशी सरासरी वेग सुमारे १,०५५ कि.मी. येतो. प्रवासी जेट विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० कि.मी. च्या आसपास असतो. मग वरचे दीडशे कि.मी. कोणी दिले?

ते दिले वाऱ्याने. नदीत नाव वल्हवणाऱ्या नावाड्याचा विचार करा. तो पाण्यात ताशी चार कि.मी. वेगाने वल्हवत असेल आणि पाणी ताशी एक कि.मी. वेगाने वाहत असेल, तर प्रवाहाच्या दिशेने काठ त्याच्या मागे ताशी पाच कि.मी. वेगाने सरकेल आणि प्रवाहाविरुद्ध तीन कि.मी. वेगाने. घाम मात्र दोन्ही वेळा तेवढाच. विमानही जमिनीवर चालत नाही, ते हवेत 'वल्हवत' असते. त्याचे इंधन जमिनीवरच्या कि.मी. नुसार जळत नाही, हवेतून कापलेल्या कि.मी. नुसार जळते.

हे 'हवेतले अंतर' काढून पाहू. पॅसिफिकची वाट : साडेचौदा तास गुणिले ९०० म्हणजे १३,०५० कि.मी. अटलांटिकची वाट : साडेसोळा तास गुणिले ९०० म्हणजे १४,८५० कि.मी. बघा, गंमत उलगडली. जमिनीवर लांब असलेली वाट हवेत मोजली तर १,८०० कि.मी. नी आखूड आहे. वैमानिकाच्या हिशेबात हे दुसरे अंतरच खरे.

आकाशातली नदी

हा वारा येतो कुठून? विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि ध्रुवाकडची थंड असते. या फरकामुळे वर हवेच्या दाबातही फरक पडतो आणि हवा ध्रुवाकडे निघते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने उत्तर गोलार्धात ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळते. परिणामी जमिनीपासून ९ ते १२ कि.मी. उंचीवर, नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद आणि वेगवान पट्टा तयार होतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे कि.मी. हा त्याचा नेहमीचा वेग. हिवाळ्यात तो कधी तीनशेच्याही वर जातो.

जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केला, आणि जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १९५२ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीने टोकियो ते होनोलुलू हे विमान मुद्दाम या प्रवाहातून नेले. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला, आणि विमान कंपन्यांना या नदीची किंमत कळली.

आपल्यालाही हा प्रवाह परका नाही. हिवाळ्यात त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावरून वाहते. उन्हाळ्याच्या शेवटी ती हिमालयाच्या उत्तरेला सरकते आणि त्याच सुमारास मोसमी पाऊस आपल्याकडे येतो. भारतीय हवामान खात्याचे सिमल्याचे कार्यालय १९२८ मध्ये पुण्यात आले आणि १९६२ मध्ये पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था सुरू झाली. वरच्या थरांतल्या वाऱ्यांचा अभ्यास हे या दोन्ही ठिकाणचे नेहमीचे काम. देशभरातल्या ठराविक केंद्रांवरून पहाटे आणि संध्याकाळी उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडतात. अशा मोजमापांवरून तयार झालेल्या वाऱ्यांच्या अंदाजावर रोज विमानांची वाट ठरते. आजची वाट उद्या असेलच असे नाही.

फेब्रुवारी-मार्च २०१७ मध्ये तर एअर इंडियाच्या फक्त स्त्रिया असलेल्या चमूने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना पॅसिफिकवरून आणि परत येताना अटलांटिकवरून विमान आणले. जाताना पूर्वेकडे, येतानाही पूर्वेकडे! दोन्ही वेळा वारा पाठीशी, आणि पृथ्वीला एक फेरीही पूर्ण.

वर्गात हमखास येणारा एक प्रश्न

इथे मुले हमखास विचारतात, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर खाली अमेरिका येणार नाही का?" प्रश्नाला हसू नये, तो चांगला प्रश्न आहे.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे पुणे ताशी सुमारे १,५८० कि.मी., म्हणजे सेकंदाला ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. पर्वतीवर उभे राहून चेंडू वर उडवला आणि तो दोन सेकंदांनी खाली आला, तर मुलाच्या म्हणण्याप्रमाणे तो ८८० मीटर पश्चिमेला पडायला हवा. तो तर हातातच येतो! कारण उडवण्यापूर्वीच चेंडूला पृथ्वीचा वेग मिळालेला असतो. विमानाचेही तसेच, आणि ज्या हवेत ते उडते ती हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. विमानाला फरक पडतो तो पृथ्वीच्या फिरण्याचा नाही, तर हवा पृथ्वीपेक्षा किती वेगळ्या वेगाने चालली आहे याचा. ते वेगळेपण म्हणजेच वारा.

याला जोडून आणखी एक समज तपासून घ्यावा : "जाताना वारा नडला तरी येताना मदत करतो, म्हणजे हिशेब फिटला." अंतर ९,००० कि.मी., विमानाचा वेग ९०० आणि वारा १०० धरा. वारा नसेल तर जाऊन येऊन २० तास. वारा असेल तर एकीकडे ९,००० भागिले १,००० म्हणजे ९ तास, दुसरीकडे ९,००० भागिले ८०० म्हणजे सव्वाअकरा तास. एकूण सव्वावीस. हिशेब फिटत नाही, कारण विमान प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ घालवते.

डोंगर आणि कुंपणे

वाऱ्याशिवाय आणखी दोन गोष्टी दोऱ्याला वाकवतात.

पहिली डोंगराची. आपला दोरा लडाख आणि तिबेटच्या पठाराच्या पश्चिम कडेवरून जातो. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला लगेच तीन कि.मी. च्या आसपास खाली यावे लागते, म्हणजे प्रवाशांना श्वास घेता येतो. पण तिबेटचे पठारच सरासरी साडेचार कि.मी. उंच आहे. खाली यायला जागाच नाही. म्हणून विमाने बहुधा हा भाग टाळतात.

दुसरी गोष्ट माणसाने घातलेल्या कुंपणांची. प्रत्येक देशाची जशी जमीन असते तशी हवाई हद्दही असते. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपली हद्द भारताच्या पश्चिमेकडील बहुतेक वाहतुकीला बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घालून, वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, तिच्या कारणांत हेही एक कारण होते. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येईना. हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरे होती तिथेच होती, त्यांच्यातले पुस्तकी अंतर एक मीटरनेही बदलले नव्हते.

एका तासाची किंमत

कोणी म्हणेल, तास-दोन तासांनी एवढे काय बिघडते? दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर २०१६ मध्ये वापरलेल्या बोइंग ७७७-२०० एलआर विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. वजनात ते १४५ टनांच्या आसपास. असे विमान तासाला सुमारे नऊ हजार लिटर, म्हणजे सात टनांवर इंधन जाळते. एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा एक तास वाचला की बावीस टन कार्बन डायऑक्साइड वाचला. शिवाय वाटेच्या शेवटी लागणारे इंधन आधी सगळी वाट वाहून न्यावे लागते, आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळते.

पुण्याहून इतक्या लांबची थेट विमाने का नाहीत, याचेही एक कारण इथे सापडते. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच कि.मी. लांब आहे आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीवर आहे. उंचावरची आणि उन्हाळ्यातली विरळ हवा पंखांना कमी उचलते. टाक्या काठोकाठ भरलेल्या अवजड विमानाला तिथे पुरेशी धाव मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोची वाट कुठून जाते हा प्रश्न असा लोहगावच्या धावपट्टीपर्यंत येऊन पोहोचतो.

वर्गात करून पाहा

१. पुणे ते लंडन हे अंतर दोऱ्याने आणि सूत्राने काढा. लंडनचा विमानतळ ५१.४७ अंश उत्तर, ०.४५ अंश पश्चिम येथे आहे. उत्तर ७,३३० कि.मी. च्या जवळ यावे. मर्केटरच्या नकाशावरच्या सरळ रेघेने हेच अंतर सुमारे ७,५३० कि.मी. येते. इथे फरक फक्त २०० कि.मी. चा आणि सॅन फ्रान्सिस्कोला ५,६०० चा. असे का, याची वर्गात चर्चा करा. रेखांशांतला फरक पाहायला सांगा.

२. ओळखीत कोणी विमानाने लांबचा प्रवास केला असेल तर जाण्याचा आणि येण्याचा उड्डाणकाळ विचारा. थेट विमानाचीच माहिती घ्या. फरकावरून वाऱ्याची दिशा ओळखा.

३. हे घड्याळाचे कोडे आहे. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. दिल्लीहून विमान रविवारी पहाटे ४ वाजता निघाले आणि साडेचौदा तास उडाले. तिथे उतरताना स्थानिक वार आणि वेळ काय असेल? उत्तर येते रविवार, सकाळचे ६. घड्याळापुरता प्रवास दोनच तासांचा! परतीच्या प्रवासात हा 'नफा' कुठे जातो तेही मुलांना शोधू द्या.

शिबिरातल्या त्या बाईंना आम्ही शाळेतला पृथ्वीगोल वर्गात न्यायला सांगितला. तो कपाटात, कुलपात असतो असे त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचे पोस्टकार्ड आले. दोरा ज्या मुलाच्या हातात दिला होता, त्यानेच वर्गाला सांगितले होते की काकांकडे जाताना आधी दिल्ली लागते, मग रशिया. आणि त्याने नवा प्रश्न विचारला होता : "येतानाही तीच वाट असेल का?"

त्याचे उत्तर आता आपल्याला देता येईल. गोल आपापल्या कपाटातून बाहेर काढा, प्रयोग करा आणि मुलांनी काय विचारले ते आम्हालाही कळवा.